कारखान्यात हात, वर्गात कारण

काडतुसाची पितळी नळी, म्हणजे तिची केस, पितळ कोरून काढत नाहीत. ती ओढून ओढून घडवतात. सुरुवात जाड पत्र्याच्या चकतीपासून होते. प्रेसखाली चकतीची वाटी होते. मग ती वाटी आणखी अरुंद साच्यातून ढकलतात, पुन्हा त्याहून अरुंद साच्यातून. दर वेळी भिंत पातळ होते आणि उंची वाढते. गंमत अशी की दर ओढीला पितळ कडक होत जातं. तसंच पुढे रेटलं तर फाटतं. म्हणून मधे थांबून भट्टीत तापवायचं, मऊ करायचं, धुवायचं आणि परत ओढायचं. तापवून मऊ करण्याला शॉपमध्ये ॲनिलिंग म्हणतात. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या या पितळाला इंग्रजीत काडतुसाचंच नाव पडलंय, इतकं ते या कामाला फिट बसतं.

पुण्यातल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. लहान शस्त्रांची काडतुसं हे त्याचं जुनं काम. शेजारी हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी १९४० सालची. स्टेशनाच्या आसपास लष्कराची वर्कशॉप्स आणि डेपो आहेत, आणि १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा पत्ताही खडकीचाच. दापोडी, बोपोडी, रेंजहिल्स या वस्त्यांमधल्या किती घरांत कुणी ना कुणी ‘अप्रेंटिस’ होऊन गेलेलं असेल! माझं कुतूहल त्या अप्रेंटिसबद्दल आहे. तो शिकतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्यासाठी कारखाना पुरत असताना शाळा कशाला लागते?

याचं उत्तर मला एका जुन्या कोड्यात सापडलं, आणि ते कळल्यापासून पितळेच्या साध्या भांड्याकडेही मी वेगळ्या नजरेने पाहतो.

इंग्रजी अमलात इथल्या सैन्याच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत. तेवढे महिने काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवत. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या, आणि आत बऱ्याच केसेस तडकलेल्या निघायच्या. कुणी आपटल्या नव्हत्या, वापरल्या नव्हत्या, गंजून खपल्याही पडल्या नव्हत्या. बसल्या जागी चिरा. ऋतू बदलला की तडे जातात म्हणून या दुखण्याला नावही ऋतूवरूनच पडलं, पण कारण सापडेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून अमोनिया हवेत पसरत होता. दमट हवेत तो पितळाला भिडत होता. पण नुसत्या अमोनियाने अशी चीर पडली नसती. केस ओढताना पितळात जो ताण अडकून राहिला होता, तो आतून खेचत होता, आणि अमोनिया बाहेरून कणांमधल्या सांध्यांवर घाव घालत होता. दोघे एकत्र आले की पितळ उकलायचं. उपाय साधा निघाला. केस पूर्ण घडल्यावर तिला पुन्हा एकदा हलकं तापवायचं, इतकंच की पितळ मऊ पडू नये पण आतला ताण निघून जावा.

आता प्रेसवर उभ्या असलेल्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ओढीच्या मधलं ॲनिलिंग त्याला कुणी न शिकवताही पटेल. नाही केलं तर पितळ डोळ्यांदेखत फाटतं, आवाज बदलतो, प्रेस अडखळतो. हात आणि कान त्याला बरोबर ताळ्यावर आणतात. पण शेवटचं ते हलकं तापवणं? केस चकचकीत आहे, माप बरोबर आहे, हाताला काही लागत नाही. ताण दिसत नाही, वाजत नाही, बोटाला समजत नाही. ही पायरी गाळली तर आज काहीही बिघडणार नाही. बिघडेल पुढच्या पावसाळ्यात, भलत्याच गावातल्या गोदामात. ती पायरी मनापासून पाळायची तर धातूच्या आत काय चाललंय हे कुणीतरी फळ्यावर काढून दाखवायला हवं.

दुहेरी प्रशिक्षणाचं सगळं मर्म मला इथे दिसतं. काही गोष्टी कारखानाच शिकवू शकतो आणि काही फक्त वर्ग. एकाच माणसाला दोन्हीकडे, एकाच काळात, ये-जा करायला लावायचं, ही ती युक्ती आहे.

या युक्तीला सर्वांत नीट रूप जर्मनीने दिलं. म्युनिकच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या गेऑर्ग केर्शेनश्टायनर यांनी १९०० च्या सुमारास एक मोठा फेरबदल केला. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांसाठी तिथे पूरक शाळा होत्या, पण त्यांत सगळ्यांना तेच ते जुने धडे पुन्हा गिरवायला लावत. केर्शेनश्टायनरनी त्या शाळा धंद्यांनुसार बांधल्या. सुताराच्या पोराचं गणित लाकडातून यावं, यंत्रकाराच्या पोराचं लोखंडातून. १९६९ साली तिथे देशभराचा कायदा झाला. आज तिथलं पोर कंपनीशी करार करतं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत असतं आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. साधारण सव्वातीनशे व्यवसाय असे ठरवून दिलेले आहेत आणि मुदत दोन ते साडेतीन वर्षं. परीक्षा ना कंपनी घेते ना शाळा. ती व्यापार-उद्योगांची मंडळं घेतात, म्हणून एका गावातला दाखला दुसऱ्या गावात चालतो. आणि शाळेच्या दिवशी मालकाने पोराला सोडलंच पाहिजे, पगार न कापता.

ही शेवटची अट वाचून वाटेल, जर्मनीला परवडतं. पण आपल्या कायद्यातही ती आहे! १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा १ मार्च १९६२ ला लागू झाला. त्याचं दहावं कलम म्हणतं की कारखान्यात प्रात्यक्षिक शिकणाऱ्या शिकाऊ उमेदवाराला त्याच्या ट्रेडशी संबंधित अभ्यास शिकवलाच पाहिजे, आणि त्या वर्गांत गेलेला वेळ हा त्याच्या पगारी कामाच्या वेळेतच धरायचा. शांतपणे वाचावं असं वाक्य आहे ते. पोर फळ्यासमोर बसून पितळाच्या कणांचं चित्र वहीत उतरवतंय, आणि कायद्याच्या लेखी ते पोर त्या क्षणी कामावर आहे. शिकणं हेच काम. साठ वर्षांहून जास्त काळ हे वाक्य आपल्या पुस्तकात आहे, आणि मला ते आपल्या कामगार कायद्यांमधल्या सर्वांत सुंदर वाक्यांपैकी एक वाटतं.

त्याच कायद्यात इतरही बारकावे आहेत. अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. वयाची खालची मर्यादा चौदा वर्षं, पण धोक्याच्या उद्योगांतल्या ट्रेडसाठी अठरा. खडकीसारख्या ठिकाणी, जिथे स्फोटकांची कामं चालतात, ही अट किती मोलाची आहे हे सांगायला नको. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे असतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलाला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड ठरवून दिला. शेवटी देशपातळीवरची ट्रेड टेस्ट असते, आणि पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

आपल्याकडची नेहमीची वाट मात्र जर्मनीच्या उलट्या क्रमाने जाते. तिकडे पोर आधी कंपनीचं होतं आणि मग शाळेत जातं. इकडे दहावीनंतर फिटर किंवा टर्नर अशा ट्रेडला दोन वर्षं आयटीआय, आणि ती संपल्यावर साधारण वर्षभर कंपनीत अप्रेंटिस. खडकीहून औंध रोडने थोडं पुढे गेलं की औंधची शासकीय आयटीआय लागते. म्हणजे वर्ग एकीकडे, कारखाना दुसरीकडे, आणि मधे नुसतं रस्त्याचं अंतर नाही, काळाचं अंतर आहे. हे अंतर बुजवायला २०१६ पासून आयटीआयमध्येच दुहेरी पद्धत आणली गेली. त्यात आयटीआय आणि कंपनी आपसात करार करतात, आणि विद्यार्थी आयटीआयचाच राहून अभ्यासक्रमातले काही महिने कंपनीत शिकतो.

पण आधी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये डोकावू या, कारण हाताचं शिक्षण किती खोल असतं हे तिथे दिसतं. फिटरच्या पोराला सुरुवातीलाच लोखंडाचा एक तुकडा देतात. व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानस मारून त्याची एक बाजू सपाट करायची. एवढंच. ऐकायला हे अगदी सोपं काम आहे, आणि करायला महाकठीण. कारण माणसाचे हात खांद्यातून आणि कोपरातून वळतात, ते सरळ रेषेत जातच नाहीत. नवं पोर कानस पुढे ढकलताना नकळत ती झुलवतं, आणि जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, मधे पोट येतं. दोन्ही कडा जास्त कापल्या जातात. सर गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरतात. गुण्याच्या पात्याखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की समजायचं, अजून पोट आहे. ती फट काही मायक्रॉनांची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली, आणि उघड्या डोळ्याला ती दिसते! याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटत आलंय. मापाचं महागडं यंत्र नाही, नुसता पोलादी काटकोन, खिडकीतला उजेड आणि आपला डोळा.

मग सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ हात देतात आणि जॉब त्यावर घासतात. जिथे निळा लागला ते उंचवटे. तेवढेच खरवडून काढायचे, परत घासायचं, परत बघायचं. रोज, तासन् तास. दंड भरून येतात. आणि मग एके दिवशी पोराला कळतं की आपली कानस झुलायची थांबलीय. ते काय वेगळं करतंय हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही.

सांगतो तो वर्ग. कानशीच्या एका टोकाला डावा हात, दुसऱ्याला मूठ धरलेला उजवा, आणि मधे कुठेतरी जॉब, तोच टेकू. झटक्याच्या सुरुवातीला जॉब डाव्या हाताजवळ असतो, शेवटी उजव्या हाताजवळ. तरफेचा नियम सांगतो की दोन्ही बाजूंचं बल गुणिले अंतर सारखं असेल तरच कानस आडवी राहील. म्हणून सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त हवा, हळूहळू तो कमी करत उजव्याचा वाढवायचा, आणि मधोमध दोन्ही समान. म्हणजे सपाट कानस मारणारा फिटर दर झटक्याला, सेकंदभरात, तरफेचं समीकरण आपल्या दोन मनगटांत सोडवत असतो. ज्याला हे समीकरण नंतर फळ्यावर भेटतं तो ते पाठ करत नाही, ओळखतो. आणि ज्याने कधी कानस धरली नाही त्याला ते नुसती दोन अक्षरांची बरोबरी वाटते. गणिताची भीती घेऊन आयटीआयला आलेल्या पोरांच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शाळेत ज्या विषयाने त्यांना मागच्या बाकावर पाठवलं, तोच विषय त्यांच्या हातात आधीच येऊन बसलेला असतो.

उलट दिशेचं उदाहरण डिझेल इंजिनाचं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये थंड इंजिनात थोडी फट ठेवावी लागते. ती फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजतात. जुना मेकॅनिक नव्या पोराला आकडा कमी सांगतो आणि स्पर्श जास्त. पट्टी आत जायला हवी, पण किंचित घासत. सैल सरकली तर फट जास्त, अडकली तर कमी. त्या ‘किंचित’ला कुठल्याच पुस्तकात आकडा नाही, तो दुसऱ्याच्या बोटांवरून आपल्या बोटांत उतरतो. मात्र फट ठेवायचीच कशाला, आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला बहुतेक इंजिनांत इनलेटपेक्षा जास्त का, हे बोटं सांगणार नाहीत. वर्गात सांगतात की शंभर मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी दोनशे अंशांनी तापली तर सुमारे ०.२४ मिलिमीटरने लांबते. फीलर गेजच्या पट्ट्या जेवढ्या जाडीच्या असतात, साधारण त्याच घरातला हा आकडा! एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालेल्या वायूत भाजतो, जास्त तापतो, म्हणून त्याला वाढायला जागा जास्त. ज्या पोराने आदल्या दिवशी ती पट्टी स्वतः सरकवली असेल त्याला हा आकडा फळ्यावर पाहून काय वाटत असेल! आणि सहा महिन्यांनी सांगितला तर काय वाटेल? तेव्हा तो नुसता आणखी एक आकडा असेल. म्हणून म्हणतो, काळाचं अंतर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

स्फोटकांच्या कारखान्यात तर ‘का’ कळणं हा जिवाचाच प्रश्न आहे. तिथे केमिकल प्लांटच्या ऑपरेटरचा ट्रेड असतो, एओसीपी म्हणतात त्याला. म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीकडे, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून देशातले दारूगोळ्याचे कारखाने आले. या कंपनीच्या जाहिरातींत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ असं पद दिसतं, आणि ते बहुधा ऑर्डनन्स फॅक्टरीतच अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी असतं. कारण उघड आहे. अशा इमारतीत वीज साठू न देणारे बूट घालायचे, ठिणगी न पाडणारी हत्यारं वापरायची, काडेपेटी आणि मोबाइल दाराबाहेर ठेवायचे. या सवयी अंगवळणी पडायला महिने जातात. पण नुसती सवय धोक्याची असते, कारण वर्षभर काही झालं नाही की ती सैल पडते. कोरड्या थंडीत अंगावर स्थिर वीज जास्त साठते आणि पावसाळ्यात कमी, हे ज्याला समजलंय तो जानेवारीत आपसूक जास्त जपतो. नियम सगळ्यांना सारखा असतो, पण समजून पाळणाऱ्याला कोणता दिवस वाईट आहे हेही कळतं.

आपल्या भागात हे फार आधी ओळखणारी माणसं होती. टाटांची टेल्को पुण्याला आली तेव्हा सुमंत मुळगावकरांच्या कारकिर्दीत १९६६ साली आधी प्रशिक्षण विभाग उभा राहिला, आणि पुण्यात बनलेलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं १९७७ साली. दहा-अकरा वर्षं आधी माणसं घडवायला घेतली! पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी लहान वर्कशॉपांचे मालक त्या शाळेचं नाव आजही अभिमानाने घेतात. पुढे चाकणला फोक्सवॅगनने मेकॅट्रॉनिक्सचं शिक्षण थेट जर्मन पद्धतीवर सुरू केलं.

आणि तरीही, बहुतेक ठिकाणी दुहेरी प्रशिक्षणाचा एकच पाय चालतो. कंपनीचा. अप्रेंटिस म्हणजे वर्षभराचा स्वस्त मदतनीस, असं धरून त्याला एकाच मशीनवर उभं करायचं, पार्ट लावा, बटण दाबा, पार्ट काढा. संबंधित अभ्यासाचे वर्ग कागदावर राहतात, ट्रेड टेस्टच्या आधी गाइडं वाचून थिअरी उरकली जाते. यात मुलांचं नुकसान आहेच, पण कारखान्याचंही आहे. सीएनसी मशीन बंद पडल्यावर जो माणूस कारण शोधू शकतो तो बटण दाबून तयार होत नाही. आणि हे पोर वर्षाने बाहेर पडतं तेव्हा त्याच्याकडे एका मशीनची सवय असते, ट्रेड नसतो.

मुलींचा प्रश्नही यातच आहे. फिटर, मशिनिस्ट या ट्रेडमध्ये मुली अजून थोड्याच दिसतात, आणि शॉप फ्लोअरवर ‘जड काम जमेल का’ हा प्रश्न त्यांना आधी विचारला जातो. कानशीचं गणित पुन्हा आठवा. सपाटपणा ताकदीने येत नाही, दोन हातांतल्या दाबाच्या वाटणीने येतो.

मला यात कुठलाही नवा कायदा नको आहे. दहाव्या कलमाची अंमलबजावणी हवी आहे, आणि ती खडकीत सर्वांत सोपी आहे. कारखाने आणि आयटीआय एकमेकांपासून बसच्या एका तिकिटावर आहेत. अप्रेंटिसचा आठवड्यातला एक दिवस, समजा गुरुवार, औंधच्या वर्गासाठी राखून ठेवावा, पगारी. कंपनीने त्या दिवशी मुलांबरोबर त्या आठवड्यातले दोन रिजेक्ट पार्ट पाठवावेत, आणि वर्गाचा पहिला तास त्यांच्यापासूनच सुरू व्हावा: हा का तडकला, याचं माप का गेलं, भट्टीचं तापमान किती होतं, नोंद कुणी घेतली. आयटीआयच्या निदेशकांनीही वर्षातून काही दिवस शॉप फ्लोअरवर काढावेत, कारण त्यांनी पाहिलेली मशीन्स आणि आज चालणारी मशीन्स यांत फरक पडलेला असतो. आणि मुलांच्या डायरीवर सही करताना सुपरवायझरने कामाच्या तासांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना वाचावा, या आठवड्यात काय समजलं तो. हा रकाना कोरा असेल तर प्रश्न मुलाला नको, आधी गुरुवारचं काय झालं ते विचारावं.